विंगेतून न दिलेला शब्द

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी आमच्या नाट्यमंडळाच्या प्रॉम्प्टर बाईंचं नाव सांगेन. नाव म्हणजे 'बाई' एवढंच. मंडळात त्यांना दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. त्या पंचवटीतल्या एका प्राथमिक शाळेत शिकवायच्या आणि संध्याकाळी त्याच शाळेच्या एका वर्गात, बाकं भिंतीला लावून, आमच्या तालमी चालायच्या. मंडळातले नट बदलत गेले. कोणाची बदली झाली, कोणाचं लग्न झालं, कोणी नाटकाला कंटाळलं. विंगेत संहिता हातात धरून उभ्या राहणाऱ्या आणि अडलेल्या नटाला पुढचा शब्द देणाऱ्या बाई मात्र वीस वर्षं त्याच होत्या.

मी लासलगावचा. वडील कांद्याच्या मार्केटात हमाली करायचे, आई खळ्यावर कांदा निवडायला जायची. शिकायला म्हणून नाशिकला आलो तेव्हा नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. कॉलेजच्या फलकावर या मंडळाची चिठ्ठी लागली होती, 'नवीन कलाकार हवेत.' मी गेलो. मला वाचायला एक वाक्य दिलं, 'माझं काही चुकलं नाही.' माझ्या तोंडून आलं, "माझं काय चुकलं नाय."

मागच्या बाकावरून एक नट म्हणाला, "घ्या, ट्रॅक्टर आला."

सगळे हसले. मीही हसलो. न हसून काय करणार होतो?

बाई हसल्या नाहीत. त्या नटाकडे न बघताच म्हणाल्या, "ट्रॅक्टर निदान वेळेवर आलाय. तुम्ही काल पाऊण तास उशिरा आला होतात." मग मला म्हणाल्या, "भरभर वाचता येतं का? मग उद्यापासून माझ्याशेजारी बस."

मी नट झालो नाही. त्यांच्या शेजारी बसलो आणि तिथेच वाढलो. शब्द कसा द्यायचा ते त्यांनी शिकवलं. कुजबुजून देऊ नकोस, कुजबुज पहिल्या रांगेत ऐकू जाते आणि नटाला मात्र नाही. दबक्या पण भरीव आवाजात दे. आख्खं वाक्य नको, पहिला शब्द पुरे. आणि एक बोट कायम चालू ओळीवर हवं. "नाटक बघायचं असेल तर तिकीट काढून समोर जाऊन बस," त्या म्हणायच्या. "इथे उभं राहून नाटक बघायचं नसतं, कागद बघायचा असतो. नटाकडे फक्त कान."

त्यांच्या संहितेत पेन्सिलीच्या खुणा असायच्या. एक उभी रेघ म्हणजे नट इथे श्वास घेतो. दोन रेघा म्हणजे इथे थांबतो. आणि गोल म्हणजे इथे नट मुद्दाम गप्प आहे, ही शांतता त्याची आहे, तिच्यात शब्द टाकायचा नाही. मी पहिल्याच वर्षी अशा एका गोलात शब्द टाकला होता. प्रयोग संपल्यावर तो नट माझ्या अंगावर धावून आला. बाई मध्ये उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चूक माझी आहे, मी त्याला खूण दाखवली नव्हती." खूण त्यांनी दाखवली होती. ते त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

माझं बोलणं त्यांनीच सुधारलं. रोज तालमीआधी वर्तमानपत्रातला अग्रलेख मोठ्याने वाचून घ्यायच्या. 'हाय' म्हटलं की रागवायच्या नाहीत. म्हणायच्या, "घरी हायच म्हण. आईला परकं वाटायला नको. इथे पात्र जे बोलतं ते बोल." बी.ए. झालो तेव्हा पेढे घेऊन आधी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी पुडा उघडलाच नाही. "आधी लासलगावला जा, आईच्या हातात दे. मला उद्या शिळे चालतील." नोकरीचा अर्ज त्यांनी भरून दिला, मुलाखतीची तयारी करून घेतली. नाशिकातच एका सरकारी कचेरीत मी कारकून झालो. आमच्या घरातला पहिला पदवीधर आणि पहिला खुर्चीत बसणारा. यातलं काहीही बाईंशिवाय झालं नसतं.

त्यांना एकदा स्टेजवर उभं राहायचं होतं, हे मंडळात फक्त मला ठाऊक होतं. शाळेत असताना त्यांना गॅदरिंगच्या नाटकात मोठं काम मिळालं होतं. रंगीत तालमीच्या दिवशी वडील आले आणि सगळ्यांदेखत हाताला धरून घरी घेऊन गेले. एका पावसाळी संध्याकाळी तालमीला कोणीच आलं नव्हतं, तेव्हा त्यांनी हे सांगितलं. आणखीही एक गोष्ट सांगितली. त्यांची थोरली बहीण शेवटच्या वर्षांत सगळं विसरली होती, त्यांनाच 'तुम्ही कोण' म्हणून विचारायची. "मला मरणाची भीती नाही वाटत," त्या म्हणाल्या, "त्याची वाटते."

मग ते वर्ष आलं. आमच्या स्पर्धेच्या नाटकात एका सुईणीची भूमिका होती. ती करणाऱ्या बँकेतल्या ताईंची अचानक धुळ्याला बदली झाली. प्रयोगाला महिना उरला होता. आमचे दिग्दर्शक, त्यांना सगळे अण्णा म्हणायचे, बाईंना म्हणाले, "तुम्हीच उभ्या राहा. तुम्हाला सगळं पाठ आहे."

"सगळ्यांचं पाठ आहे, अण्णा, हीच अडचण आहे. पोलीस पाटलाचं वाक्य मीच म्हणून मोकळी होईन."

"मग पाटलाला सुट्टी देऊ. तसाही तो काय उजेड पाडतोय."

त्या तीनदा नाही म्हणाल्या. चौथ्या दिवशी तालमीला आल्या त्या स्वतःचं जुनं इरकली लुगडं पिशवीत घेऊनच. कोणाशी काही न बोलता त्यांनी संहिता माझ्या हातात दिली. त्या दिवसापासून मी मंडळाचा प्रॉम्प्टर झालो.

दुसऱ्या अंकात मुलगा सुईणीला विचारतो, "आई, त्या रात्री तू दार का उघडलं नाहीस?" ती बराच वेळ गप्प राहते आणि मग बोलते. त्या बोलण्यावर सगळं नाटक उभं होतं. तिथे बाईंनी स्वतःच्या हाताने गोल काढला. तालमीत ती शांतता दिवसेंदिवस लांबत गेली. आम्ही सगळे श्वास रोखून बघायचो. मला 'ट्रॅक्टर' म्हणणारा तो नट एकदा हळूच म्हणाला, "आपण इतकी वर्षं यांना विंगेत उभं करून ठेवलं होतं, गाढव आहोत आपण."

स्पर्धेतला आमचा प्रयोग सकाळी अकराचा होता. तिसरी घंटा व्हायच्या आधी बाई विंगेत माझ्याजवळ आल्या. रंगवलेला चेहरा, कपाळ कोरं. म्हणाल्या, "बोट ओळीवर ठेव. बाकी काही करू नकोस."

पहिला अंक इतका चांगला झाला की मध्यंतरात अण्णा एका जागी उभे राहीनात. दुसरा अंक सुरू झाला. मुलाने प्रश्न विचारला. बाई गप्प झाल्या. आणि मी कागदावरून नजर उचलून त्यांच्याकडे बघितलं.

एवढंच केलं मी. मला बघायचं होतं. ज्या बाईंनी मला माणसात आणलं, त्या शेवटी प्रकाशात उभ्या होत्या आणि मला ते कागदाआडून फक्त ऐकायचं नव्हतं. प्रेक्षागृह चिडीचूप होतं. बाईंच्या बोटांनी पदराचं टोक पिळायला सुरुवात केली. तालमीत त्यांनी तसं कधी केलं नव्हतं. मला वाटलं, काय सुचलंय त्यांना. माझे डोळे भरून आले होते.

त्यांनी मान वळवून विंगेकडे पाहिलं तेव्हा मला कळलं. नट विंगेकडे बघतो तो फक्त शब्द मागायला. मी खाली बघितलं. बोट ओळीवर नव्हतं. पान उलटलं होतं की काय, कोण जाणे. सगळी अक्षरं सारखीच दिसत होती. महिनाभर रोज ऐकलेलं ते वाक्य मलाही आठवेना. मुलाचं काम करणाऱ्याने प्रश्न पुन्हा विचारला, वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारला. बाई माझ्याकडेच बघत होत्या. मागून कोणीतरी खोकलं, मग कोणीतरी हसलं. अण्णांनी अंधार करायला सांगितलं आणि पुढचा प्रवेश सुरू केला. बाईंचं ते बोलणं झालंच नाही.

प्रयोगानंतर रंगपटात अण्णांनी मला सगळ्यांसमोर विचारलं, "शब्द दिला होतास का?"

बाई आरशासमोर बसल्या होत्या. पाठमोऱ्या.

मी म्हणालो, "दोनदा दिला, अण्णा. त्यांना ऐकू गेला नाही."

हे मी का बोललो, याचं खरं उत्तर घाबरलो एवढंच आहे. नुकता कुठे मी त्या लोकांतला एक झालो होतो. क्षणभर वाटलं, बाई वळतील आणि खोटं पकडतील. त्या वळल्या नाहीत. आरशातूनच म्हणाल्या, "दिला असेल. याचं बोट हलत नाही. माझंच काहीतरी झालं."

त्यानंतर त्या तालमीला आल्या नाहीत. आधी कानाच्या डॉक्टरांकडे गेल्या. कान उत्तम आहेत, असं डॉक्टरांनी सांगितलं. इतर कोणी खूश झालं असतं. बाई हादरल्या. कान ठीक असूनही शब्द पोहोचला नाही, म्हणजे डोकं गेलं, थोरल्या बहिणीसारखं, असं त्यांनी धरलं. शाळेतून त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. मुलांची हजेरी घेताना एखादं नाव चुकलं तर, म्हणाल्या. पंचवटीतली खोली सोडून त्या इंदिरानगरला भाच्याकडे राहायला गेल्या.

मी दर दिवाळीला जायचो. पहिल्याच वर्षी त्यांच्या स्वयंपाकघरात भिंतीवर चिठ्ठ्या दिसल्या. गॅस बंद केला का. दुधाची पिशवी. मंगळवारी दाते डॉक्टरांकडे. अशा बारीक अक्षरात. पुढच्या वर्षी चिठ्ठ्या वाढल्या. त्या काही विसरत नव्हत्या, भाचेसून मला दारापर्यंत सोडायला आली तेव्हा हेच म्हणाली, "मावशींना सगळं आठवतं हो, माझ्यापेक्षा जास्त. पण विश्वासच बसत नाही त्यांचा." मी मान हलवली आणि चपला घातल्या. तेव्हा सांगता आलं असतं. त्याच्या पुढच्या दिवाळीतही सांगता आलं असतं.

इकडे माझं बरं चाललं होतं. मंडळाने मला रंगमंच व्यवस्था सांभाळायला दिली, मग दोन नाटकं बसवायला दिली. नवीन मुलांना मी खुणा शिकवायचो, रेघ, दोन रेघा, गोल. सत्काराच्या भाषणात मी प्रत्येक वेळी बाईंचं नाव घ्यायचो आणि टाळ्या पडायच्या. त्या टाळ्यांची मला किळस यायची, तरी पुढच्या भाषणात मी पुन्हा तेच बोलायचो. हळूहळू मंडळही संपलं. चांगली मुलं मालिकांसाठी मुंबईला गेली, शाळेने वर्ग देणं बंद केलं, अण्णा गेले. माझं खोटं ज्यांच्यासमोर होतं ते सगळे पांगले. मला लाज वाटावी असं आता कोणी उरलं नव्हतं, आणि तेव्हा कुठे मला पत्र लिहिण्याचं धैर्य झालं. त्या प्रयोगाला तोवर नऊ वर्षं झाली होती.

उत्तर आलं नाही. महिन्याने मी भाचेसुनेला फोन केला. ती म्हणाली, "मिळालं ना पत्र. वाचून दाखवू का विचारलं, तर म्हणाल्या, नको, मी वाचेन सावकाश. उशीखाली आहे. फोडलंय की नाही ते नाही बघितलं मी." त्यानंतर मी विचारलं नाही. माझ्याकडे त्या पत्राचा कच्चा मसुदा आहे. तो असा.

बाई,

नमस्कार लिहितोय, पण हा नमस्कार तुम्ही पत्र पूर्ण वाचल्यावर घ्यायचा की नाही ते ठरवा.

स्पर्धेच्या प्रयोगात मी तुम्हाला शब्द दिला नव्हता. दोनदाही नाही, एकदाही नाही. मी तुमच्याकडे बघत बसलो होतो आणि ओळ हरवली. तुम्ही वळून पाहिलंत तेव्हा माझ्याकडे द्यायला काही नव्हतं. रंगपटात मी खोटं बोललो.

तुम्ही एक वाक्य विसरलात. आपल्या मंडळात प्रत्येक जण प्रत्येक प्रयोगात एक तरी वाक्य विसरायचा. तुम्ही त्यांना वीस वर्षं शब्द दिलेत म्हणून ते कोणाला कळलं नाही. तुमच्या वेळी विंगेत मी होतो. फरक एवढाच आहे. तुमच्या कानाला काही झालेलं नव्हतं आणि डोक्यालाही नव्हतं. डॉक्टरांनी ठीक सांगितलं तेव्हाच मी धावत यायला हवं होतं. मी आलो नाही. दिवाळीला आलो, फराळ केला आणि भिंतीवरच्या चिठ्ठ्या वाचून परत गेलो.

तुम्ही शाळा सोडलीत ती माझ्यामुळे. नाटक सोडलंत तेही माझ्यामुळे. पहिल्या वर्षी मी चुकलो तेव्हा तुम्ही माझी चूक अंगावर घेतली होतीत. मी माझी तुमच्या अंगावर टाकली. तुम्ही शिकवलेल्या शुद्ध मराठीत टाकली, एकही उच्चार चुकला नाही.

माझ्या आईला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "त्या बाईनं तुला मानूस केलं आन् तू तिला येडी ठरवलं."

माफी मागत नाही. तुम्ही ती देऊन टाकाल, आणि मग मला बरं वाटेल. मला बरं वाटावं म्हणून हे पत्र नाही. तुम्हाला खरं कळावं म्हणून आहे. एवढ्या उशिरा त्याचा उपयोग काय, हे मलाही माहीत नाही. नऊ वर्षं एखाद्या गोष्टीची भीती बाळगल्यावर ती खोटी होती असं कळलं तर माणूस काय करतो, ते मला सुचत नाही.

या दिवाळीला मी येणार नाही. तुम्ही बोलावलंत तर कोणत्याही दिवशी येईन. नाही बोलावलंत तर ते बरोबरच आहे असं समजेन.

तुमच्याशेजारी बसायचा तो