गर्दी करू नका

स्वाईन फ्लूच्या त्या पावसाळ्यात पेठेतल्या तालमीच्या कट्ट्यावर एक म्हातारा रोज सकाळी सगळ्यांना पेपर वाचून दाखवायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. तोंडाचा रुमाल तो वाचताना हनुवटीखाली ओढायचा. आवाज दबलेला त्याला खपत नसे. थुंकी लावून पान उलटायचा. साथीची बातमी आली की खाकरायचा, "गर्दी करू नका म्हणत्यात." मग माझ्याकडं बघून, "पावणं, फुडं सरका की! तिथनं काय ऐकू येणार हाय?"

आम्ही सरकायचो.

पुढं तापानं त्याला दवाखान्यात नेलं, ते परत आणलं जाळायलाच. मातीला अख्खी पेठ लोटली.

दुसऱ्या दिवशी पेपर घडीतच पडला होता. कुणीतरी तो उचलला, तोंडावरचा रुमाल खाली ओढला.

आम्ही पुढं सरकलो.