पाहुणे अजून आहेत

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पोटच्या लेकीला नाही. देवापुढेही नाही, त्याच्यापुढे तर खोटंच बोलत आले. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आमच्या गावचे नाही आणि माझं कौतुक करायला येणार नाही.

कौतुकाचा मला वीट आलाय. परवाच टोलीवरची, गावाबाहेरच्या वस्तीतली, एक सून आली. म्हणे, काकू, तुम्ही सासूसाठी कोठ्याचं घर केलं होतं ना, तसंच आमच्या मामंजीसाठी करायचं आहे, फरशी कोणती घातली? मी तिला चहा पाजला आणि फरशी सांगितली. पंखा सांगितला. खिडकी पूर्वेला ठेव, हेसुद्धा सांगितलं. काय म्हणावं असल्या बाईला? तिला नव्हे — मला.

केशोरी गावाच्या अंगाला आमचं गाव. अंगणाच्या एका बाजूला घर, दुसऱ्या बाजूला बैलांचा कोठा. ट्रॅक्टर आला, बैल विकले, कोठा रिकामा पडला. तिथवर कोणाचाच दोष नाही.

मग ती मंडई. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, जत्रेसारखी, रात्री नाटक असतं, आणि घरात पाहुण्यांमुळे पाय ठेवायला जागा उरत नाही. लेकी, जावई, जावयांचे भाऊ, त्यांचे आणखी कोण कोण! त्या वर्षी माझी सासू — सगळे तिला माय म्हणायचे, मीही — आपणच म्हणाली, "माही खाट कोठ्यात टाका. पाहुन्याईले अडचन कायले?"

ऐकलंत? आपण होऊन. हेच मी पुढे सगळ्यांच्या तोंडावर फेकलं, मायनंच म्हटलं होतं म्हणून. त्याच्या पुढचं वाक्य मात्र गिळलं. ती म्हणाली होती, "पाहुने गेले का येईन मंग घरात."

पाहुणे गेले. खाट तिथेच राहिली.

का? सासुरवास होता म्हणाल. छे! सांगायला तेवढंही नाही. बाई कधी वाकडं बोलली नाही. स्वयंपाकघराला लागून तिची खाट असायची. मोतीबिंदूनं धड दिसत नव्हतं, पण वासावरून सांगायची, "भात लागून राहिला व." आणि लागलेलाच असायचा! याचा राग. ती कोठ्यात गेली तेव्हा माझं स्वयंपाकघर पहिल्यांदा माझं वाटलं. खाटेची जागा मोकळी दिसली, तिथे मी फ्रिज आणून ठेवला. एका फ्रिजपायी — हसा, हसण्यासारखंच आहे.

नवरा? नंदीबैल. "मायले घरात कधी आनाचं?" एकदा विचारलं त्यानं. मी म्हटलं, तिलेच तिथं बरं वाटते, हवा लागते. त्यानं मान हलवली. सोयीचं खोटं माणूस किती पटकन गिळतो! पुढे मन लावून कोठा सजवला त्यानं. गव्हाण फोडली, चुना मारला, फरशी घातली. गुरांचं मूत वाहून जायला जमीन उताराची होती, तो उतार काही पुरता गेला नाही, म्हणून खाटेच्या दोन पायांखाली विटा दिल्या. तो उंबरठा बसवायला निघाला तेव्हा मात्र माय म्हणाली, "कायले? मले का जनमभर इथं राहाचं आहे?" तो हसला. मी खाली वाकून विटा सारख्या करत होते.

शेजारणी बघायला यायच्या. म्हातारी नशीबवान, म्हणायच्या, स्वतंत्र खोली, स्वतंत्र पंखा! म्हातारीशी कोण बोलणार? फरशी बघायच्या आणि जायच्या.

आता खरं सांगते. इथवरचं तर कोणत्याही गावात सापडेल.

मी ताट घेऊन गेले की ती मलाच विचारायची, लेकाला कधी नाही, "पाहुने गेले का व?" पहिल्यांदा विचारलं त्या दिवशी घरात आम्हा नवराबायकोशिवाय कोणी नव्हतं. आणि माझ्या तोंडून निघालं, "नाई ना, माय. आहेत अजून." विचार करून नाही निघालं. दुसऱ्या दिवशीचं विचार करून निघालं. पाहुण्याला जा म्हणायची आमच्याकडे रीत नाही, आणि माय त्या रीतीची पक्की. म्हणायची, "राहू दे. त्याईले भाजी कमी पडू देऊ नको."

एकदा म्हणाली, "आवाज नाई येत व कोनाचा." झालं! त्या दिवसापासून मी टीव्ही मोठ्यानं लावायला लागले. हो — मुद्दाम. दार सताड उघडं टाकून. सिरियलमधल्या बाया रडायच्या, भांडायच्या, आणि अंगणापलीकडे माय कान देऊन बसायची. "हे हिंदीत बोलून राहिले का व?" मी म्हटलं, "गोंदियाचे आहेत, माय." काय हुशार मी, नाही का? या उत्तरावर चुलीपुढे एकटीच हसले होते.

धान निघालं, पुढची रोवणी झाली, पुढची मंडई आली. खरे पाहुणे आले, कोठ्यात जाऊन मायच्या पाया पडले, किती छान केलं म्हणाले आणि घरात, तिच्या खाटेच्या जुन्या जागेजवळ, झोपले. त्यानंतर तिनं विचारणं सोडलं. मला वाटलं, रुळली. हायसं वाटलं मला — लाज वाटायची तर हायसं वाटलं!

उन्हाळ्यात ती गेली. त्या दुपारी मी पेज घेऊन गेले तर तिला श्वास लागलेला. मी म्हटलं, "माय, चला, घरात नेते." हे तरी का म्हटलं? लोक जमतील, म्हातारी कोठ्यात मेली म्हणतील, म्हणून. तिनं माझा हात धरला.

"नको व. माह्यासाठी पाहुन्याईले उठवू नको."

लाईट सकाळपासून गेलेली होती. टीव्ही बंद. पंखा बंद. घरात चिटपाखरू नव्हतं. आणि मायचे डोळे गेले होते, कान नाही.

तेव्हा तरी सांगायचं ना? घर रिकामं आहे, माय — एवढंच. जीभ झडली असती का?

मी म्हटलं, "नाई उठवत."