भिंतीवरचं धामापूर

चहा ओतून घ्या आधी. आणि हसायचं ते मधेमधे हसून घ्या, शेवटी सगळे एकदम हसलात तर मला लागतं.

तर माझी अडचण अशी, की मला दिसतं फार छान. डोळे मिटले की अख्खं चित्र समोर उभं राहतं, रंगांसकट, सावल्यांसकट. घोटाळा होतो तो खांद्याच्या खाली. डोक्यातला हत्ती दंडापर्यंत हत्तीच असतो, कोपराशी त्याची म्हैस होते, आणि बोटांतून जे बाहेर पडतं त्याची सोंड कुठली नि शेपूट कुठली, ते त्यालाच विचारावं लागतं.

हे मला शाळेपासून ठाऊक आहे. पण सईला ठाऊक नव्हतं.

सई माझी मुलगी, पहिलीत आहे. तिला मी झोपताना गोष्ट सांगते, आणि सांगता सांगता हवेत बोटाने चित्र काढते. हवेत माझा हात उत्तम चालतो. त्यामुळे तिची पक्की समजूत, की आपल्या आईला काहीही काढता येतं. मी ती समजूत दुरुस्त केली नाही. तुम्ही केली असती? जगात एकच माणूस आपल्याला थोर समजतं, त्याला कशाला जागं करायचं? त्यात मी मोबाइलवर कुठेतरी वाचलेलं, की या वयात आईवर बसलेल्या विश्वासावर मुलाचं पुढचं सगळं आयुष्य उभं राहतं. कोणी लिहिलं होतं कोण जाणे, पण मला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं.

आता, आमच्याकडे गणपतीच्या मागची भिंत दर वर्षी रंगवतात. नुसता रंग नाही, चित्र. कुणाच्या भिंतीवर कैलास, कुणाच्या भिंतीवर समुद्रमंथन. मग त्या भिंतीसमोर गणपती बसतो, वर माटवी बांधतात, म्हणजे लाकडी चौकट, तिला रानातली फळं नि नारळ-सुपाऱ्या टांगतात, आणि सगळी वाडी दर्शनाला आणि भजनाला येऊन त्या भिंतीकडे तोंड करून बसते. तासन्‌तास. दुसरीकडे बघायला काही नसतं.

आमची भिंत भाऊकाका रंगवायचे. भाऊकाका म्हणजे माझे चुलत सासरे. त्यांचा शंकर असा, की लोक चप्पल अंगणाबाहेर काढत. यंदा ते होडीवरून उतरताना शेवाळावर घसरले आणि उजवा हात प्लास्टरात गेला.

सासूबाई म्हणाल्या, यंदा बाजारातून धबधब्याचा छापील पडदा आणू. मी म्हटलं, उत्तम. तेवढ्यात सई म्हणाली, "पडदो कित्याक? माझी आई काढता."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि सईकडे बघितलं. तिची मान अशी ताठ होती, की जणू माझं आधीच काढून झालं आहे.

सासूबाईंनी विचारलं, "तुका येता?"

उत्तर भाऊकाकांनी दिलं. "सावंतवाडीची मां ती? थंयच्यांका रंगाचा काय सांगूक लागणा नाय."

माझं माहेर सावंतवाडी. तिथे लाकडी खेळणी रंगवतात, हे खरं. पण आमच्या घरात फक्त पोस्टातली नोकरी करत. तरी सावंतवाडीची मुलगी म्हणजे तिच्या बोटाला रंग जन्मतःच लागलेला असणार, असं समुद्राकडच्या लोकांना वाटतं. मी गप्प राहिले. गप्प राहणं म्हणजे होकार, हे लग्न ठरताना शिकले होते.

मनात जे चित्र आलं ना, ते तुम्हाला दाखवता आलं असतं तर! पहाटेचं धामापूरचं तळं. पाण्यावर धुकं. काठावर भगवतीचं देऊळ. घाटाच्या पायरीवर पार्वती बसलेली, हातात उटणं, त्या उटण्याचा ती इवलासा गणपती घडवतेय. झाडावर मोर. मोराचं प्रतिबिंब पाण्यात. मला नुसत्या विचारानेच डोळ्यांत पाणी आलं.

भिंतीवर आलं ते असं. तळं काठाने फाटलेल्या घावनासारखं. देऊळ दार लावलेल्या फ्रिजसारखं. पार्वतीच्या हातांना बोटं काढायला गेले ती मोजणीत बसेनात, म्हणून मी हात पदराखाली घेतले. मग उटण्याचा गणपती घडवतंय कोण, असा प्रश्न आला, म्हणून गणपती तिच्यापासून जरा लांब ठेवला. तो आता स्वतःच स्वतःला घडवत होता. मोराजवळ एक चूक झाली ती ओल्या फडक्याने पुसली, तर तिथे पांढुरका डाग पडला. त्याला मी धुकं म्हणायचं ठरवलं आणि सईलाही तसंच सांगितलं.

माझा नवरा दिगंबर संध्याकाळी आला आणि भिंतीसमोर बराच वेळ उभा राहिला.

"ही मगर कित्या काढलंस?"

"मोर आसा तो."

"बरा," तो म्हणाला, आणि माटवी यंदा वीतभर खाली बांधली. शिवाय तिला नारळ जास्त टांगले. सासूबाई आतून आल्या, बघून म्हणाल्या, "रंग बरो आसा," आणि परत आत गेल्या.

मला दुःख भिंतीचं नव्हतं. चतुर्थीला वाडी येणार, हसणार, आणि सई ते ऐकणार, एवढंच डोक्यात. तिला काही दिवस मामाकडे पाठवावं का, इथपर्यंत मी आले होते.

चतुर्थीला पहिली आली शेजारची सुलुकाकी. सुलुकाकी म्हणजे वाडीतलं सगळ्यात खरं बोलणारं तोंड. माझ्या लग्नात तिनेच मला सांगितलेलं, की नथ माझ्यापेक्षा सुंदर आहे. ती आत आली, गणपतीला हात जोडले, मान वर केली. मी लाडवाचं ताट घट्ट धरलं.

"अगो बाय, ह्या तर धामापूरचा तळा. आणि ही पार्वती मां? उटणा घेवन बसलेली?"

मी ताट खाली ठेवलं.

तिच्यामागून आलेले म्हणाले, मोर छान आहे. त्यांच्यामागून आलेले म्हणाले, देवळाचं दार बंद दाखवलंय ते बरं, पहाटेची वेळ ना. एक आजोबा तर धुक्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "धुक्या मस्त जमला." धुकं! तो डाग! एकाही माणसाने मगर म्हटलं नाही, फ्रिज म्हटलं नाही.

तुम्हीच सांगा, मी काय समजायचं?

पहिल्या दिवशी मी समजले, लोक चांगले आहेत. दुसऱ्या दिवशी समजले, चित्रच चांगलं आहे. तिसऱ्या दिवशी मी आलेल्यांना समजावू लागले, की हात मुद्दामच दाखवलेले नाहीत, कारण निर्मिती ही हातांच्या पलीकडची असते. फोटो काढून स्टेटसला ठेवला. बाहेरगावच्या मैत्रिणींनी नुसते जोडलेले हात पाठवले. मी म्हटलं, शब्द सुचले नसतील.

भाऊकाका गळ्यात हात अडकवून कोपऱ्यात बसत आणि भिंतीकडे बघत राहत. मला त्यांचं वाईट वाटायचं. इतकी वर्षं एकट्याने भिंत सांभाळली, आता घरात दुसरं कोणी निघालं, माणसाला लागतंच. मी त्यांना उसळ जरा जास्त वाढू लागले.

आणि सई? सई पाच दिवस फाटकाशेजारच्या नळापाशी उभी. येईल त्याला तांब्याने पायावर पाणी घालायची, दोन शब्द गोड बोलायची, मगच आत आणायची. मी दिगंबरला म्हटलंसुद्धा, की बघ, संस्कार असे असतात.

पाचव्या दिवशी संध्याकाळी भजन झालं. भजनाचे बुवा अण्णा, पखवाजवाले, झांजवाले, सगळे पंगतीने उसळ खात होते. अण्णाबुवा म्हणाले, की नवरात्रीच्या आधी देवीच्या देवळातली भिंत रंगवायला हवी, पण तोवर भाऊंचा हात काही बरा होत नाही. बाहेरून माणूस आणावा लागणार.

मी उसळीचं पातेलं घेऊन उभी होते. सई दारात होती. मी, तुमच्यासमोर बसलेली ही मी, स्वतःच्या तोंडाने म्हणाले, "बाहेरून कित्याक? मी रंगवतंय मां."

घास जिथल्या तिथे थांबले.

पखवाजवाले उसळीत बघत म्हणाले, "भिंत ओली आसा."

झांजवाले म्हणाले, "आणि ती पाडूची आसा मां?"

"देवळाची?" मी विचारलं.

"नाय, म्हणजे बाजूची."

मग कुणीतरी म्हणालं, उंची फार आहे. कुणीतरी म्हणालं, लहान मूल घरात असताना बाईमाणसाला त्रास कशाला. मी म्हटलं, सईला घेऊनच येईन, तिलाही बघायला मिळेल. सईकडे बघितलं तर ती पांढरीफटक. आनंदाने असेल, असं मला वाटलं.

शेवटी अण्णाबुवांनी हात धुतले आणि म्हणाले, "असा करया. देवीकच इचारूया."

सगळे एकदम हो म्हणाले. आमच्या वाडीत पाण्याच्या पाइपलाइनवरसुद्धा इतकं एकमत झालेलं नाही.

देवीला विचारायचं म्हणजे कौल लावायचा. गुरव देवीच्या अंगावर उजवीकडे आणि डावीकडे ओल्या पाकळ्या लावतात आणि गाऱ्हाणं घालतात. उजवी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. लग्न, जमीन, होडी, सगळं असंच ठरतं. चित्रकलेसाठी कौल लागल्याचं मात्र कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेलो. कधी नव्हे ती अख्खी भजनमंडळी हजर. सुलुकाकी हजर. भाऊकाका हात सांभाळत पुढे बसलेले. सई मात्र माझ्यापाशी थांबेना. सारखी गाभाऱ्याकडे पळायची, गुरवकाका तिला थोपवायचे, "बाय, भायर थांब," ती वळसा घालून दुसऱ्या बाजूने जायची, ते पुन्हा थोपवायचे. आईसाठी देवीला साकडं घालायला धडपडतेय पोर, असं मनात आलं आणि माझे डोळे भरून आले.

गुरवांनी पाकळ्या लावल्या, हात जोडले.

"बा देवी म्हाराजा, ही तुझी सून तुझ्या दारात इली आसा. तुझी भिंत रंगवतंय म्हणता. तिच्या मनात काय खोट नाय, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"तिच्या हाताचा काय ता मात्र तुकाच म्हायत."

"व्हय म्हाराजा." हे जरा मोठ्याने आलं.

"तुझी इच्छा आसात तर..."

डावी पाकळी पडली. वाक्य पुरं व्हायच्या आत. मी गुरवांना म्हटलं, ओली जास्त झाली असेल, परत लावा. त्यांनी बिचाऱ्यांनी परत लावली. परत डावी. आणि उजवी अशी चिकटून बसली, की नंतर नखाने काढावी लागली.

"देवी स्पष्ट बोलली," गुरव म्हणाले. भाऊकाकांनी इतका मोठा श्वास सोडला, की समईची वात हलली. सुलुकाकीने मला आपल्या वाटणीचं खोबरं दिलं. आजवर तिने मला काहीच दिलं नव्हतं.

मी देवळाबाहेर पायरीवर येऊन बसले. देवीचं मला काही नव्हतं. प्रश्न सईचा होता. तिच्या डोळ्यांदेखत, सगळ्या वाडीसमोर, साक्षात देवीने आईला नको म्हटलं. आता हिला सांगायचं काय? मी मनात वाक्यं जुळवत होते, की बाळा, देवीच्या मनात दुसरं काही असेल, याचा अर्थ आईला येत नाही असा होत नाही...

सई येऊन शेजारी बसली. रडवेली.

"आई, माझी चूक झाली."

"तुझी कसली?"

"देवीक सांगूक गावला नाय. गुरवकाकांनी भितर जाऊकच देवक नाय."

"काय सांगायचं होतं तुला?"

"ता तळा आसा म्हणान. आणि तो मोर. आणि ता पांढरा ता धुक्या."

माझ्या हातातलं खोबरं हातातच राहिलं.

"सई, नळापाशी तू लोकांना काय सांगायचीस गो?"

"ताच. पाय धुवी होते तवसर." मग जरा थांबून प्रामाणिकपणे म्हणाली, "सुलुकाकीक दोनदा सांगूक लागला. ती म्हणा होती, आधी बघतंय मगे ठरवतंय."

मी सुलुकाकीचं खोबरं मोडून अर्धं तिला दिलं. सईने माझ्या पाठीवरून हात फिरवला, अगदी मोठ्या माणसासारखा.

"तुझा चित्र बरा आसता गो आई," ती म्हणाली. "फक्त आधी सांगूक व्हया."