लेओकाद्याबाईंची ठिगळांची भट्टी

सप्टेंबरात नदी घरात शिरली आणि चिखल ठेवून निघून गेली. पलंग, कपाट, आंबवलेल्या कोबीच्या बरण्या गेल्या, त्याचं लेओकाद्याबाईंना फारसं वाटलं नाही. जीव अडकला होता कोपऱ्यातल्या भट्टीत. छतापर्यंत उभी, हिरव्या चकचकीत फरशांनी मढवलेली. सकाळी कोळसा घातला की घर रात्रभर ऊबदार ठेवायची. पाण्यानं तिची माती विरघळली आणि ती एका अंगावर कलली. तिच्यावाचून पोलंडातल्या या डोंगरी गावात चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईनं हिवाळा काढणं अशक्यच.

"आई, आता पुरे झालं," लेक इवोना नॉर्वेहून फोनवर म्हणाली. "इथे बटण दाबलं की घर गरम होतं."

"मग दिवसभर बटणाशी बोलत बसू?"

"चिखलाशी बोलण्यापेक्षा बरं. महिनाभरात न्यायला येतेय मी."

तिचंही चूक नव्हतं. गावातली पोरं परदेशी पांगली होती, शाळेला कुलूप लागलं होतं. पण लेओकाद्याबाईंना एकदा मुळासकट उपटून झालं होतं. युद्धानंतर सीमा सरकली, पूर्वेकडचं त्यांचं गाव दुसऱ्या देशात गेलं, आणि सहा वर्षांची पोर, आईबाप नि गाय मालगाडीतून इथे, तोवर जर्मनीत असलेल्या या गावात, जर्मनांच्या या घरात येऊन पडली. घरमालकीण हेडविग अजून तिथेच होती. तिला जर्मनीला हाकलणारी गाडी अजून यायची होती. काही महिने दोन बायका एका छपराखाली, एकमेकींची भाषा न कळता. आईला लाकडाची सवय, कोळशापुढे ती हरली, घरभर धूर. तेव्हा स्वतःचं घर गमावून बसलेल्या त्या बाईनं आईचा हात धरून दाखवलं, निखारे लाल झाले की भट्टीचं दार गच्च लावायचं. आई मरेपर्यंत हेडविगसाठी प्रार्थना करायची. वडिलांनी मात्र जर्मन परत येतील या धास्तीनं कित्येक वर्षं अंगणात एक झाड लावलं नाही.

सरपंच वांदा भट्टी रचणाऱ्या झेनोनला घेऊन आली. त्यानं फरशा ठोकून पाहिल्या.

"उतरवून पुन्हा रचतो, आजी. पण निम्म्या फुटल्यात, आणि असल्या आता मिळत नाहीत."

"राहू दे मग. बटण आहे म्हणे तिकडे," लेओकाद्याबाई म्हणाल्या आणि खिडकीकडे वळल्या.

"वा," वांदा म्हणाली, "आणि गावसभेत माझ्याशी भांडायला काय बटण येणार?"

दुसऱ्या दिवशी ती ढकलगाडीभर फरशा घेऊन आली. गॅस आल्यावर गावानं आपापल्या भट्ट्या पाडल्या होत्या, पण फरशा कोणी टाकल्या नव्हत्या. साम्यवादी राजवटीतले रिकाम्या दुकानांचे दिवस पाहिलेली माणसं काही टाकत नाहीत. कोणी माळ्यावरून तपकिरी आणल्या, कोणी गोठ्यातून निळ्या फुलांच्या. ज्यांच्या भिंती अजून ओल्या होत्या त्यांनीही आणल्या. एकानं तर बागेच्या वाफ्याला लावलेली फरशांची कड उपटली.

"विदूषकाचा झगा दिसतोय," झेनोन रचताना पुटपुटला.

"दिसू दे. मला काय लग्नाला उभं राहायचंय तिच्यासोबत?"

इवोना आली तेव्हा भट्टी पहिल्यांदा जोरात पेटवायची होती. आधी थोडा धूर आला, सगळे श्वास रोखून बसले. मग धुराड्यानं ओढ घेतली. लेओकाद्याबाईंनी निखारे लाल होईतो वाट पाहिली आणि दार लावलं. खोक्यांवर बसून सगळ्यांनी बीटचं आंबट सूप प्यायलं.

माणसं गेल्यावर इवोना भट्टीला पाठ टेकून उभी राहिली. "ही पांढरी कोणाची?"

"वांदाच्या सासूची. जन्मभर माझ्याशी बोलली नाही. ती तपकिरी पोस्टमनची. ही फुलांची मागच्या गल्लीतल्या विधवेची. तिला स्वतःला पलंग नाही अजून." त्या एकेकीवर तळवा ठेवत राहिल्या. "दोनदा घर गेलं माझं, इवोना. दोन्ही वेळा कोणीतरी हात धरला. माझ्या वाट्याला माणसं फार चांगली आली."

इवोनानं कोट काढून खिळ्याला अडकवला.

"मी तुझं तिकीट काढलंय."

"परत कर. आणि ती बादली घे, उद्याचा कोळसा आणून ठेव."