अंबाडीच्या दोरीची गाठ

चारही चाकं जोर लावतील अशी गाडी विकत घेऊन ती जन्मभर दोनच चाकांवर चालवणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच होऊन गेला, आणि ते नेमके माझे थोरले साडू. दुसरी मोठी लढाई संपल्यावर लष्कराने टाकून दिलेले ट्रक लिलावात निघाले, तेव्हा अकोटच्या या बागवानाने त्यातला एक उचलला. गियरच्या बाजूला आणखी एक दांडा होता. तो मागे ओढला की इंजिनचा जोर फक्त मागच्या चाकांना, पुढे लोटला की चारही चाकांना. आमच्या साडूंनी तो मागे ओढला आणि सीटखालच्या कडीला अंबाडीच्या दोरीने आवळून बांधून टाकला. गाठ अशी की खोंडाने हिसका दिला तरी सुटू नये. लोक हसायचे. मी वकील असल्यामुळे जरा जास्तच हसायचो.

त्यांचं सगळं वागणंच त्या दांड्यासारखं होतं. चांगल्या रस्त्यावर नव्या वहाणा हातात आणि काट्यात पायात. पंगतीत लाडू एकच. दुसऱ्याचा आग्रह झाला की पोटावर हात ठेवून म्हणायचे, अजून वेळ आली नाही. कधी आवाज चढवलेला मी ऐकला नाही, तोही कुठल्याशा वेळेसाठी राखून ठेवला असावा. काळ्या मातीत गाडी घालायची झाली की आधी खाली उतरून अनवाणी चालत, टाचेने जमीन दाबून बघत, मग परत येऊन ती गाठ सोडत. कोरड्यावर आले की पहिलं काम गाठ बांधण्याचं. एकदा मी त्यांना विचारलं, की चार चाकं असताना हा कंजूसपणा कशाला?

"साडभाऊ," ते म्हणाले, "पक्क्या रस्त्यावर चारी जुंपली तं आपसातच भांडतात, अन् पुढच्या गियरची दातं मोडतात. चिखलात लागतीन तवा पायजेत ना थे."

मी हे अकोल्याच्या कोर्टातल्या बाररूममध्ये त्यांच्या आवाजात करून दाखवायचो. हशा चांगला यायचा. एकदा ते मेथीची जुडी घेऊन मला भेटायला कोर्टात आले, तेव्हा मी त्यांची ओळख 'आमच्या गावाकडचे' एवढीच करून दिली. माझे आजोबाही डोक्यावर वांग्यांची पाटी घेऊन बाजारात बसत, हे मी बाररूममध्ये कधी काढलं नव्हतं.

एकदा साडूंकडे मुक्काम करून मी अकोटहून सकाळी त्यांच्याच गाडीत बसलो, कारण अकोल्याला कोर्ट गाठायचं होतं. मागे सहा मळ्यांची भाजी होती: मेथी, वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर. ऊन चढायच्या आत बाजारात पोचली नाही तर सांभार मान टाकणार. मळेवाले बैलगाड्या सोडून या एका माणसाच्या भरवशावर आले होते, आणि त्यांचा विश्वास हीच साडूंची सगळी कमाई होती. मी मधल्या दांड्याला गुडघे टेकून बसलो होतो आणि त्या दोरीचं काळं ग्रीस माझ्या कोटाला लागत होतं. वाटेत चोहोट्टा गावाला ते टायर बघायला उतरले. मी गाठ सोडली, दोरी खिशात घातली आणि दांडा पायाने पुढे लोटून मोकळा बसलो. अकोला यायच्या आधी परत ओढून ठेवू, असा माझा बेत होता.

गाडी निघाली. थोड्याच वेळात साडूंना स्टिअरिंग जड लागायला लागलं. आज गाडी रुसली, म्हणाले. दोनदा उतरून टायरची हवा पाहिली, स्प्रिंगचे पाटे पाहिले. दोन्ही वेळा मला तोंड उघडता आलं असतं. पण आदल्याच रात्री जेवताना मी सगळ्यांसमोर त्या गाठीला अडाणीपणा म्हटलं होतं, त्यामुळे जीभ उचलेना. पूर्णा नदीच्या अलीकडे खालून कडाड असा आवाज झाला आणि गाडी जागच्या जागी बसली.

साडूंनी दांड्याकडे हात नेला. दांडा पुढे होता आणि दोरी नव्हती. त्यांनी रिकामी कडी बोटांनी चाचपली. माझा हात कोटाच्या खिशात होता.

"गाठ म्याच ढिल्ली बांधली असन," ते म्हणाले.

दुसऱ्यांकडून कबुली काढण्यात माझं नाव होतं. मी घड्याळ पाहिलं, कोर्टाची वेळ झाल्याचं सांगितलं आणि मागून आलेल्या टांग्यात बसून निघून गेलो. मागे भाजी उन्हात पडली. सहापैकी चार मळेवाले परत बैलगाड्यांकडे गेले. गाडी तीन महिने साडूंच्या दारात निंबाखाली उभी होती, आणि येणाऱ्या प्रत्येकाला ते आपल्या ढिल्ल्या गाठीची गोष्ट सांगत. एकदा मी समोर असतानाही त्यांनी ती सांगितली, माझ्याकडे न बघता.

वर्षभराने पुन्हा त्या गाडीत बसण्याची वेळ आली. नको म्हणण्याला कारण सुचलं नाही. आत चढलो तर दांडा मागे, आणि नवी दोरी. तिच्यावर जुन्या धोतराचं धुतलेलं पांढरं फडकं गुंडाळून नीट टाके घातले होते. माझ्या गुडघ्यांच्या बाजूला फडकं दुहेरी होतं.

साडूंनी गाडी सुरू केली. रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "बसा आरामात. आता कोट खराब नाई होणार तुमचा."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. अकोला येईपर्यंत मी पिकांविषयी बोललो. आज साडू नाहीत, गाडीही मोडीत गेली. ती जुनी दोरी मात्र माझ्याकडे आहे. तिची गाठ बांधून बघतो कधीकधी. मला ती जमत नाही.