भाचीला दिलेलं नाव

आमच्याकडे बारशाला बाळाचं नाव आत्यानं ठेवायचं. पाळण्यापाशी वाकायचं, बाळाच्या कानात 'कुर्र' करायचं, नाव सांगायचं आणि मागून बायका पाठीत धपाटे घालतात ते हसत सोसायचे. भावाला मुलगी झाली तेव्हा मी भोरहून तालेवारासारखी माहेरी, भोंगवलीला गेले. नाव आधीच ठरवलेलं होतं. माझ्या घरी केबल होती आणि रोज आठ वाजता जी मालिका लागायची, तिच्यातल्या नायिकेचं नाव. भावजयीला काय आवडतं हे मी विचारलंसुद्धा नाही. का विचारू? आत्याचा मान म्हणजे आत्याचा मान!

आणि तेव्हा ती नायिका होतीही तशीच. शाळेत शिकवायची, सासरच्यांचं सगळं करायची, पण अन्याय दिसला की आवाज न चढवता असं बोलायची की समोरचा गप्पच. आमच्या गल्लीतल्या बायका त्या अर्ध्या तासात दारी आलेल्या पाहुण्यालासुद्धा पाणी द्यायला उठत नसत. मी तर भाकरी आधीच थापून ठेवायचे. भाचीचं नाव कुणी विचारलं की मी नाक वर करून सांगायचे, "तीच हो, टीव्हीतली."

पुढं काय झालं देव जाणे. पोरगी रांगायला लागली तोवर सगळं ठीक होतं. मग मालिकेत सासऱ्याची आठवण गेली, ती परत आली, मग दिराची गेली. नायिकेचं काम करणारी बाई बदलली. नव्या बाईच्या कपाळावरची टिकली दर महिन्याला मोठी व्हायला लागली आणि नजर तिरकी. शाळा तर कधीच सुटली होती. शेवटी एके दिवशी तिनं जावेच्या दुधात काहीतरी कालवलं आणि तिचा चेहरा तीनतीनदा मोठा करून दाखवला. मी टीव्हीसमोर बसून ओरडले, "अगं भवाने, असं काय करतेस!" नवरा म्हणाला, "तिला शिव्या देऊ नकोस, भाचीला लागतील." तो गंमतच करत होता, पण मला ते झोंबलं.

तोवर भोंगवलीतही घरोघरी टीव्ही आणि मालिका पोचली होती. एकदा मी माहेरी असताना सारोळ्याचे एक पाहुणे आले. पोरगी नुकतीच पहिलीत गेलेली, मोठी हौशी. दोन्ही हातांनी पेला धरून दूध घेऊन आली. पाहुण्यांनी पेला नाकाजवळ नेला आणि म्हणाले, "काय गं, ह्यात काय कालवलं तर न्हाई ना?" सगळे हसले. अहो, मीसुद्धा हसले. पोरीला काही कळलं नाही, पण आपल्याला हसतायत एवढं कळलं. त्यानंतर ती कुणालाच काही द्यायला पुढं येईना. शाळेत तर पोरं डबा तिच्यापासून लपवायची. भावजय मला एका शब्दानं काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. मी भांडले असते. भांडण मला चांगलं जमतं.

कुणाला सांगायची सोय नव्हती. आपलेच दात आणि आपलेच ओठ. आता सांगायलाही लाज वाटते, पण मी देवीला नवस बोलले, की ह्या बाईला शेवटाला तरी सुधार, तुला साडीचोळी करीन. माणसं पोरासाठी, पिकासाठी नवस बोलतात. मी एका खोट्या बाईच्या चांगल्या वागण्यासाठी बोलले! मला वाटायचं, शेवटच्या भागात ती रडेल, माफी मागेल, पुन्हा शाळेत शिकवायला जाईल, आणि लोक दूधबीध सगळं विसरून जातील.

मालिका संपणार असं कळल्यावर मी मुद्दाम एसटीनं भोंगवलीला गेले. पोरीला मांडीवर घेऊन टीव्हीसमोर बसले आणि तिला सांगितलं, "बघ आता, कशी चांगली व्हईल ती." शेजारच्या चारपाच जणीही आल्या होत्या.

तिला सुधारायलासुद्धा कुणाला वेळ नव्हता. भाग सुरू झाला तोच भिंतीवरच्या तिच्या फोटोनं, फोटोला हार. कशानं मेली, कधी मेली, काही नाही. खाली सगळं घर नटूनथटून जमलेलं, कुणाच्यातरी साखरपुड्याला. जाऊबाई म्हणाली, "सुटलो एकदाचे." सगळ्यांनी हसत एकत्र फोटो काढला आणि संपलं. इतकी वर्षं ज्या बाईसाठी आम्ही भाकरी आधी थापल्या, तिच्यासाठी घरातलं एक माणूस रडलं नाही.

शेजारणी "गेली बया" म्हणत उठल्या. माझ्या मांडीवरची पोरगी मान वळवून माझ्याकडं बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "आत्या, मी मेले का गं?"

भावजयीनं झटकन तिला उचललं, आत नेलं, मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. तडतड बाहेरपर्यंत ऐकू आली. मी तिथंच बसून होते. वाटलं, आता ही बाहेर येईल आणि मला धू धू धुवेल, आणि मी मान खाली घालून सगळं ऐकून घेईन.

ती आली. पदर नीट करून माझ्यासमोर जमिनीवर बसली.

"वन्सं, रागावू नगा," ती म्हणाली. "अजून पहिलीतच हाय ती. मास्तर म्हनत्यात, नाव बदलून मिळंल. तुमची परवानगी असंल तर बदलू का?"