दोनशे किलोमीटर आणि दीड बाटली पाणी

“मॅडम, ही लघवी तुमचीच आहे ना?”

कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी प्लास्टिकची छोटी बाटली खिडकीच्या उजेडाकडे धरली होती. तळाशी कोऱ्या चहासारखं काहीतरी होतं. जेमतेम दोन चमचे. तेवढं यायला मला पाऊण तास लागला होता.

मी म्हटलं, “माझीच.”

“गेल्या दोन-चार दिवसांत काय केलंत? पडलात? कुणी मारलं?”

“दोनशे किलोमीटर सायकल चालवली. रविवारी.”

त्यांनी माझ्या केसपेपरवरचं वय पुन्हा वाचलं. त्रेपन्न. मग मांडी दाबून पाहिली. मांडी लाकडासारखी झाली होती. ते नर्सकडे वळून म्हणाले, “ऱ्हॅब्डो वाटतंय. सीपीके, क्रिएटिनिन, पोटॅशियम पाठवा. सलाईन मोकळं सोडा.”

ऱ्हॅब्डोमायोलिसिस हा शब्द मी त्या मंगळवारी पहिल्यांदा ऐकला. मला समजलं तसं सांगते. स्नायूंवर त्यांच्या ताकदीबाहेर ताण पडला की त्यांच्या पेशी फुटतात. आतला माल रक्तात उतरतो. तो गाळायचं काम किडनीवर येतं. शरीरात पाणी पुरेसं असेल तर किडनी कसंबसं निभावते. नसेल तर ती चोंदते. सीपीके म्हणजे किती स्नायू फुटलेत त्याचं माप. ते दोनशेच्या आत असावं लागतं. माझं बासष्ट हजार आलं. क्रिएटिनिन म्हणजे किडनी किती काम करते त्याचं माप. ते एकच्या आसपास हवं, माझं साडेचार होतं.

हे सगळं कसं झालं ते सांगते, कारण चूक माझी होती आणि ती करणाऱ्या बायका खूप आहेत.

मी अंबरनाथ पूर्वेला राहते. एमआयडीसीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोल बघते. लग्न केलं नाही. आई माझ्याकडे होती, शेवटची चार वर्षं अंथरुणावर. ती गेली आणि माझे रविवार रिकामे झाले. आठवड्याचे सहा दिवस कारखाना भरून काढतो. रविवारी मात्र सकाळी सातला कपडे धुऊन झाले की पुढे काय, हा प्रश्न असायचा. मी रडले वगैरे नाही. एक सायकल घेतली. जुनी, पण चांगली. उल्हासनगरच्या दुकानदाराने विचारलं, “दीदी, बेटे के लिए?” मी म्हटलं, “मेरे लिए.” त्याने सीट खाली केली.

मग एका सायकल ग्रुपमध्ये गेले. ही मंडळी लांबच्या राइड करतात. ठरलेला रस्ता, ठरलेली वेळ, वाटेत ठिकठिकाणी कार्डावर शिक्का. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत. मी तोवर एका दमात सर्वांत जास्त पंचावन्न किलोमीटर चालवली होती, बारवी धरणाच्या रस्त्यावर. सराव म्हणाल तर सहा रविवार. ग्रुपमधला एकजण म्हणाला, “मॅडम, राइड पायांनी नाही, डोक्याने पूर्ण होते.” मला ते पटलं. डोकं माझं बरं आहे असा माझा समज होता.

बदलापूरहून सकाळी सहाला निघालो. मुरबाडवरून माळशेजच्या पायथ्यापर्यंत, तिथून परत आणि उरलेलं अंतर कर्जतच्या बाजूला. चाळीस जणांत दोन बाया. दुसरी पंचविशीतली. ती पहिल्या तासातच दिसेनाशी झाली, त्यानंतर तिची आणि माझी भेट नाही. पुरुषांना सोपं होतं. सायकल झाडाला टेकवली की काम झालं.

मी माझी नेहमीची युक्ती केली. पाणी प्यायचंच नाही.

ही युक्ती कारखान्यातली. मी नोकरीला लागले तेव्हा लेडीज टॉयलेट एकच होतं, ऑफिसच्या इमारतीत. लॅबपासून चालत सात-आठ मिनिटं. गेटवरून, सगळ्यांच्या देखत. आम्ही चौघीजणी लॅबमध्ये होतो. चौघीही घरून निघताना पाणी बंद करायचो. पुढे लॅबशेजारी टॉयलेट झालं, तरी सवय राहिली. मला आठ-आठ तास जावं लागत नाही, हे मी अभिमानाने सांगायची. जणू गुणच.

त्या दिवशी फेब्रुवारीतलं ऊन होतं. साडेअकरानंतर रस्ता भाजायला लागला. मी तेरा तासांत दीड बाटली पाणी वापरलं. त्यातलं निम्मं तोंडावर मारलं. एकशेदहा किलोमीटरनंतर गुडघे बोलायला लागले, म्हणून वेदनाशामक गोळी घेतली. तासाभराने अजून एक. शेवटी तिसरी. या गोळ्या कोरड्या शरीरात किडनीला मारतात, हे मला माहीत नव्हतं. केमिस्ट्रीची पदवी असून माहीत नव्हतं.

वीस मिनिटं शिल्लक असताना मी पोचले. मेडल मिळालं. कुणीतरी फोटो काढला. सायकल टेम्पोत टाकून घरी आले, कारण पाय उचलून सीटवर बसता येत नव्हतं. घरी आल्यावर कुणाला तरी सांगावं असं वाटलं. दादाला सांगणार नव्हते. तो बदलापूरजवळ खरवईला राहतो. आधीच म्हणाला होता, “या वयात हे खूळ कशाला?” म्हणून मेडल टेबलावर ठेवलं आणि झोपले.

सोमवारी कामावर गेले. जिना उलटी होऊन उतरत होते. सगळे हसले, मीही हसले. लघवी काळी आणि थोडी झाली. मला वाटलं, उन्हाने. मंगळवारी सकाळी आरशात चेहरा सुजलेला दिसला. दोन उलट्या झाल्या. आमच्या फॅमिली डॉक्टर बाईंनी माझं ऐकून घेतलं, चिठ्ठी लिहिली आणि म्हणाल्या, “घरी जाऊ नका. इथूनच रिक्षा करा.”

तुमच्यापैकी कुणाची लघवी खूप श्रमानंतर कोऱ्या चहासारखी झाली, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. त्याच दिवशी जा. मी दीड दिवस फुकट घालवला.

उल्हासनगरच्या त्या हॉस्पिटलात मला आयसीयूशेजारच्या खोलीत ठेवलं. सहा खाटा. लघवीची नळी घातली. खाटेला लावलेली पिशवी आणि भिंतीवर एक तक्ता. दर तासाला किती सलाईन गेलं आणि किती लघवी आली. पहिल्या बारा तासांत तीन लिटर गेलं आणि दीडशे मिली आली. बाकीचं पाणी माझ्यातच राहिलं. अंगठी निघेना, ती कापावी लागली.

दिवसपाळीच्या सिस्टर कविता अंबरनाथच्याच, बुवापाड्यातल्या. तिशीच्या असतील. त्या पिशवी वाकून बघायच्या आणि म्हणायच्या, “काय मॅडम, एवढंच? कंजूसपणा चाललाय.” मला ते आवडायचं. गोड आवाजात कुणी बोललं असतं तर मला जमलं नसतं.

भेटीची वेळ चार ते सहा. शेजारच्या खाटेवर एक सिंधी आजी होत्या. त्यांच्याकडे रोज सात-आठ माणसं यायची. डबे, सफरचंदं, मोबाईलवर नातवंडं. माझ्या खाटेजवळचं स्टूल रिकामं असायचं. पहिल्याच दिवशी त्यांच्या सुनेने विचारलं, “मॅडम, कोई आनेवाला है? नहीं तो ये स्टूल लूँ?”

“ले जाओ,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तिने विचारलं नाही. सरळ नेलं. तिची चूक नव्हती.

ऑफिसला मी ‘वैयक्तिक काम’ असं कळवलं होतं. सायकल ग्रुपवर फोटो चालले होते. त्यात माझाही होता, मेडल घातलेला. खाली ‘मॅडम इज रॉकिंग’. मी खाटेवरून अंगठा पाठवला. एवढंच.

बुधवारी सकाळी किडनीचे डॉक्टर आले. तरुण, घाईत असलेले, पण खुर्ची ओढून बसले. म्हणाले, “पोटॅशियम वाढतंय. ते फार वाढलं तर हृदय थांबू शकतं. संध्याकाळी पाचचा रिपोर्ट बघू. सहाच्या वर गेलं तर आज डायलिसिस करावं लागेल.”

“कायमचं?”

“बहुतेकांची किडनी परत येते. सगळ्यांची येत नाही. तुमची कुठली, हे मला आज सांगता येणार नाही.” मग उठताना म्हणाले, “जिद्द चांगली आहे तुमची. पण किडनीला जिद्द कळत नाही.”

चार वाजून गेल्यावर सिस्टर कविता डायलिसिसच्या संमतीचा फॉर्म घेऊन आल्या. मी पेन मागितलं.

“तुमची सही तर लागेलच, मॅडम. नातेवाईकाची पण लागते.”

“मी शुद्धीवर आहे. माझी चालेल.”

“नाही चालत इथे. कोणीतरी असेल ना? मिस्टर? मुलगा?”

“नाही.”

“मग भाऊ, बहीण?”

मी भिंतीवरच्या तक्त्याकडे बघितलं. त्या फॉर्म घेऊन तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “मॅडम, भांडण असेल तरी लावा फोन. भांडण नंतर पण करता येतं.”

भांडण नव्हतंच. मी कुणाला काही सांगत नाही, एवढंच होतं. आईच्या चार वर्षांत दादा विचारायचा, “काही लागतंय का?” मी म्हणायची, “नाही.” असं पन्नास वेळा ‘नाही’ ऐकलं की माणूस विचारायचं सोडतो. टॉयलेटला जायचंय हे न सांगणारी बाई बाकीचं तरी काय सांगणार? त्या खाटेवर हे मला फार स्पष्ट दिसलं. डायलिसिसची भीती वाटत होती. त्याहून मोठी भीती ही की ते आठवड्यातून तीनदा झालं, तर मी तीनदा एकटीच रिक्षाने येईन आणि दरवेळी सांगेन की ठीक आहे.

मी दादाला फोन लावला. तो पंचेचाळीस मिनिटांत आला, वहिनी मागे. त्याने पिशवी बघितली, तक्ता बघितला, माझा सुजलेला चेहरा बघितला.

“मेडल पाहिजे होतं तर मला सांगायचं,” तो म्हणाला. “ठाण्यात करून मिळतात. वर नाव पण घालून देतात.”

“गप्प बसा हो,” वहिनी म्हणाली. मग माझ्याकडे वळून, “कधीपासून आहेस इथे?”

“काल दुपारपासून.”

“काल दुपारी मी अंबरनाथलाच होते. तुझ्या बिल्डिंगखालून गेले.” तिने माझी चादर सरळ केली. मला तिने रागवलेलं चाललं असतं.

दादाने सही केली. मग तो शेजारच्या खाटेपाशी गेला आणि म्हणाला, “भाभी, स्टूल चाहिए.”

पाचचा रिपोर्ट साडेपाचला आला. पाच पूर्णांक आठ. डॉक्टर फोनवरून म्हणाले, “थांबू या. उद्या सकाळी बघू.”

गुरुवारी सकाळी सहा तासांत चारशे मिली आली. सिस्टर कवितांनी पिशवी सगळ्या खोलीला दाखवली. “मॅडम, आता पार्टी पाहिजे!” सिंधी आजींनी हात जोडले. लघवीसाठी आपल्याला कुणी हात जोडेल असं मला वाटलं नव्हतं.

डायलिसिस टळलं. लगेच सगळं सुधारलं असं मात्र नाही. लघवी वाढली तरी क्रिएटिनिन शनिवारपर्यंत चढतच राहिलं. असं होतं, हे डॉक्टरांनी आधी सांगितलं नसतं तर मी घाबरले असते. मग ते उतरायला लागलं. दहाव्या दिवशी घरी सोडलं. पहिले दोन आठवडे कमोडवरून उठायला भिंत धरावी लागायची. दोन महिन्यांनी रिपोर्ट नॉर्मल आला.

मी खरवईला दहा दिवस राहिले आणि परत माझ्या घरी आले. दादा-वहिनीने आग्रह केला. पण त्यांचं घर त्यांचं आहे. एकटेपणा आजारपणाने जात नाही. तसं कुणी लिहिलं असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. माझे रविवार अजून रिकामे असतात.

ग्रुपवर मी सगळं लिहिलं. सराव वाढवत न्या, उन्हात पाणी आणि मीठ घ्या, गोळ्या घेऊ नका. आणि हेही की बायकांनी कुठे जायचं ते आधी सांगा. दोन दिवसांनी एकाने लिहिलं, “आमच्या मिसेस पण याच कारणाने येत नाहीत.” पुढच्या राइडच्या यादीत वाटेतल्या स्वच्छ टॉयलेटची ठिकाणं होती. त्या राइडला मी नव्हते.

डिसेंबरात डॉक्टरांनी चाळीस किलोमीटरची परवानगी दिली. मी एकटीच बारवीच्या रस्त्याला गेले. दोन बाटल्या घेऊन. वीस किलोमीटरवर दोन्ही संपल्या आणि व्हायचं तेच झालं. एका पाड्यात, रस्त्याला लागून घर होतं. अंगणात एक म्हातारी सुपात वालाच्या शेंगा सोलत बसली होती. मी सायकलवरून उतरले. आयुष्यात पहिल्यांदा परक्या दारात उभी राहून विचारलं, “मावशी, बाथरूमला जायचंय. चालेल?”

“जा ना. मांगल्या अंगाला हाय. बादली भरलेली हाय.”

मी बाहेर आले तर तिने पाण्याचा तांब्या आणि चहा ठेवला होता. मी म्हटलं, “नको, निघते. ऊन होईल.”

“येकटीच हायस?”

“हो.”

“घरा कोन वाट बगतंय?”

“कुणी नाही.”

“मंग घाई कसली? बस,” ती म्हणाली, आणि वालाचं सूप माझ्याकडे सरकवलं.

मी बसले.